कचऱ्याचा तास: मुलांना आणि घरच्यांना कोयर (कचरा) कमी करायला कसं शिकवायचं

मी गोव्यात डिचोली तालुक्यातल्या एका मराठी प्राथमिक शाळेत तिसरी-चौथीला शिकवते. आमच्याकडे बरीच वर्षं स्वच्छतेचा कार्यक्रम म्हणजे एक चित्रकला स्पर्धा, गावातून घोषणा देत एक फेरी आणि फेरी संपली की सगळ्यांना प्लॅस्टिकच्या कपातून सरबत, एवढंच असायचं. एका वर्षी सरबत पिऊन झाल्यावर चौथीतली एक मुलगी कप घेऊन माझ्यासमोर उभी राहिली, "बाई, हें खंय घालूं?" मला खरंच उत्तर देता आलं नाही, कारण शाळेत एकच बादली होती, त्यात सगळं एकत्र जायचं आणि संध्याकाळी मागच्या कुंपणाकडे नेऊन पेटवून द्यायचे. तेव्हापासून मी घोषणा सोडल्या आणि हा तास सुरू केला. आठवड्यातून एक तास, जून ते चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी. इथे जे लिहितेय ते मुलांबरोबर आणि त्यांच्या घरच्यांबरोबर करून बघितलेलं आहे, शाळेत करा, वाड्यावर करा, नुसतं आपल्या घरी केलं तरी चालेल.

पहिला आठवडा फक्त मोजायचं

सगळ्यात आधी डबे वाटू नका. लाल-हिरवे-निळे डबे आणून फोटो काढले की महिन्याभरात त्या डब्यांत छत्र्या नाहीतर झाडू दिसतात. आधी मुलांना कळू दे की घरातून नक्की काय बाहेर पडतं. जुन्या वहीची उरलेली कोरी पानं शिवून प्रत्येकाची एक छोटी वही करायची, त्यात पाच रकाने: ओलं, कागद-पुठ्ठा, प्लॅस्टिक, काच-धातू आणि बाकीचं. सात दिवस रोज संध्याकाळी आईबरोबर नाहीतर बाबांबरोबर बसून किती तुकडे टाकले ते लिहायचं, दुधाच्या पिशव्या २, बिस्किटाचं वेष्टन १, असं. वजन करायला मासळीवाल्यांकडे असतो तसा हुकाचा स्प्रिंगचा काटा पुरतो, दुकानात स्वस्तात मिळतो, वर्गाला एक पुरे, मुलं आळीपाळीने घरी नेतात.

इथे दोन गोष्टी मनापासून सांगते. कोणाच्या वहीत काय आहे ते फळ्यावर नावासकट लिहायचं नाही. एका घरात बियरच्या बाटल्या जास्त असतील, एका घरात काहीच नसेल कारण त्या घरात विकत आणायला पैसे नाहीत, आणि मुलांना ते बरोबर कळतं. सगळ्या वह्यांची बेरीज करून फक्त वर्गाचा आकडा मांडायचा. दुसरं, सॅनिटरी पॅड, डायपर, औषधं यांची मोजणी मुलांना करायला लावायची नाही, तो विषय मोठ्यांच्या बैठकीत घ्यायचा.

बेरीज केली की दर वर्षी वर्ग गप्प होतो. वजनात बघितलं तर अर्धा किंवा त्याहून जास्त कचरा ओलाच निघतो, सालं, काटे, उरलेलं जेवण, आणि नगांत बघितलं तर प्लॅस्टिक पुढे असतं. मग मुलंच म्हणतात की ओल्याचं काहीतरी केलं तर अर्धं काम झालं. हे वाक्य बाईंनी सांगायचं नाही, त्यांच्या तोंडून यायला हवं, थोडं थांबा, येतं.

मग जे घरात येतं ते कमी करायचं

वेगळं करण्याच्या आधी हे घ्या, पुष्कळ जण उलट करतात. वहीतल्या सगळ्यात जास्त वेळा आलेल्या पाच वस्तू काढायच्या आणि प्रत्येकीला विचारायचं, ही आलीच नसती तर चाललं असतं का? आमच्याकडे बहुतेक वेळा याच निघतात: पातळ पिशव्या, चिप्स-बिस्किटांची वेष्टनं, दुधाच्या पिशव्या, पाण्याच्या नाहीतर शीतपेयाच्या बाटल्या आणि शॅम्पूची पुडी. दुधाची पिशवी टाळता येत नाही हे मान्य, पण पातळ पिशवी शंभर टक्के टाळता येते.

मी पोदेराचं, म्हणजे दारोदार पाव विकणाऱ्याचं, उदाहरण देते. सकाळी सायकलचा भोंपू वाजला की आजी दारात पिशवी घेऊन जायची, किंवा कापडी पिशवी दाराला अडकवून ठेवलेली असायची, पोदेर त्यातच पाव टाकून पुढे जायचा. त्यात कचरा कसलाच नाही! हीच पद्धत मासळीला लावायची. झाकणाचा डबा किंवा आइस्क्रीमची जुनी बादली घेऊन बाजारात जायचं, मावशीला सांगायचं ह्यातच घाला. पहिल्या दिवशी ती बघत राहते, चौथ्या दिवशी स्वतःच डब्याला हात पुढे करते. डबा न्यायला विसरतो ही खरी अडचण असते म्हणून तो स्कूटरच्या डिकीतच ठेवायचा, घरात ठेवला की राहतोच.

मुलांना कायदाही सांगा, त्यांना नियम आवडतात. न कुजणाऱ्या कचऱ्यावर गोव्यात १९९६ पासून कायदा आहे. १ जुलै २०२२ पासून देशभरात प्लॅस्टिकचे चमचे, प्लेटी, कप, स्ट्रॉ, फुग्याच्या आणि चॉकलेटच्या प्लॅस्टिक काड्या, प्लॅस्टिकचे झेंडे, सजावटीचं थर्मोकोल यांच्यावर बंदी आहे, आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉनपेक्षा पातळ कॅरीबॅग चालत नाही. म्हणजे १५ ऑगस्टला आणि गोवा मुक्तिदिनाला, १९ डिसेंबरला, शाळेत कागदाचे झेंडे, आणि तेही गोळा करून जपून ठेवायचे. वाढदिवसाला चॉकलेटं वाटण्याऐवजी आम्ही केळी नाहीतर चण्याचे लाडू वाटतो, सुरुवातीला पालक नाराज झाले, आता घरून करून पाठवतात.

घरात वेगळं करणं: जागा महत्त्वाची

२०१६ च्या घनकचरा नियमांत प्रत्येक घराला कचऱ्याचे तीन भाग करायला सांगितले होते, ओला, सुका आणि घरातला घातक कचरा, आणि पॅड-डायपर वेगळे गुंडाळून द्यायला. मी घरच्यांना एवढंच सांगते: सिंकच्या बाजूला एक छोटा झाकणाचा डबा ओल्याला, खुंटीवर एक मोठी गोणपाटाची पिशवी सुक्याला, आणि कपाटावर मुलांच्या हाताला लागणार नाही असा एक खोका बॅटरी, बल्ब, जुनी औषधं, रंगाचे डबे, डास मारायच्या लिक्विडच्या बाटल्या यांना. पॅड-डायपर जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून वर पेनने लाल खूण, म्हणजे हाताने निवडणाऱ्या बाईला उघडून बघायला लागत नाही. डबा घराच्या मागे ठेवलात तर कोणी जाणार नाही, जिथे कांदा चिरतो तिथेच डबा हवा.

सुका म्हणजे खरंच सुका. दुधाची पिशवी तशीच टाकली की दोन दिवसांत वास येतो, मुंग्या येतात आणि सगळा कागद फुकट जातो. तांदूळ धुतलेलं पाणी असतंच, त्यात विसळायची आणि चिमट्याला वाळत घालायची. आणि पिशवीचा कोपरा पूर्ण कापून तोडू नका, लटकता ठेवा, कारण तो एवढासा तुकडा कोणालाच वेचता येत नाही, पावसात गटारात जातो, गटारातून ओहोळात आणि पुढे मांडवीत. भरतीच्या वेळी खारफुटीच्या मुळांत काय अडकलेलं असतं ते एकदा मुलांना काठावरून दाखवा.

फुटलेली काच पुठ्ठ्यात बांधून वर "काच" लिहायचं. ट्यूबलाइट आणि सीएफएल फोडायचे नाहीत, त्यात पारा असतो.

प्लॅस्टिक ओळखायचा तास, हा मुलांना सगळ्यात आवडतो

बाटलीच्या बुडाला त्रिकोणात १ ते ७ आकडा असतो. १ म्हणजे पेट, पाण्याची बाटली. २ म्हणजे एचडीपीई, शॅम्पू-फिनाइलची जाड बाटली. ३ पीव्हीसी, ४ एलडीपीई, दुधाच्या पिशवीसारखं मऊ, ५ पॉलिप्रॉपिलीन, जेवण येतं ते डबे, ६ पॉलिस्टायरीन, थर्मोकोल त्यातलंच, ७ बाकी सगळं. पाठ करून घ्यायची गरज नाही, हुडकायला लावा. भंगारवाला साधारणपणे १, २ आणि ५ आनंदाने घेतो, ३ आणि ६ ला सहसा कोण विचारत नाही, म्हणजे ते विकत घेतानाच टाळायचं.

मग बादलीभर पाणी घ्या. पाण्याच्या बाटलीचा छोटा तुकडा आणि त्याच बाटलीच्या बुचाचा तुकडा, दोन्ही पाण्यात बुडवून बोटाने हवेचे बुडबुडे काढायचे आणि सोडायचे. बाटलीचा तुकडा खाली जातो, बूच वर येतं! पेट पाण्यापेक्षा जड, बुचाचं प्लॅस्टिक हलकं. पुनर्वापराच्या कारखान्यातसुद्धा चुरा केलेलं प्लॅस्टिक असंच पाण्यात तरंगवून वेगळं करतात. एकाच बाटलीत दोन जातीचं प्लॅस्टिक असतं हे मुलांच्या डोक्यात इतकं पक्कं बसतं की घरी जाऊन आजीला करून दाखवतात, आणि तुम्हाला पालक सभेत जे सांगायला तास लागला असता ते तिथे पाच मिनिटांत होतं.

दुसरी परीक्षा, मुठीत चुरगळायची. अॅल्युमिनियमची फॉइल चुरगळली की तशीच राहते, चिप्सचं पाकीट परत उलगडतं. आतून चंदेरी दिसलं तरी ते धातू नाही, प्लॅस्टिकवर धातूचा अगदी पातळ लेप आहे, थर वेगळे करता येत नाहीत म्हणून त्याचं परत पाकीट होत नाही. असलं सामान आपल्याकडून कर्नाटकातल्या सिमेंट कारखान्यांच्या भट्ट्यांत जाळायला जातं. उलट अॅल्युमिनियमचा कॅन वितळवून परत वापरला तर नवीन धातू काढण्यापेक्षा जवळजवळ ९५ टक्के ऊर्जा वाचते, म्हणून कॅनला भंगारअड्ड्यावर भाव आहे. ज्यूसच्या खोक्यात तीन चतुर्थांशच्या आसपास कागद असतो, बाकी प्लॅस्टिक आणि अॅल्युमिनियम, ते धुऊन चपटं करून वेगळं द्यायचं.

हे झालं की मुलांना पंचायतीची कचरा शेड बघायला न्या. वीस मिनिटं पुरे. तिथल्या बायका हाताने निवडतात, कोणाच्या हाताला काच लागलेली असते. त्यांना प्रश्न विचारायला मुलांना सांगा, कुठली गोष्ट सगळ्यात वाईट येते, आम्ही काय करू. आमच्या मुलांना मिळालेलं उत्तर होतं, खरकटं लागलेला डबा. दुसऱ्या दिवशीपासून डबे धुऊन येऊ लागले, मी काहीच बोलले नव्हते.

पुढे काय होतं तेही सांगा. उत्तर गोव्यात साळगावचा प्रकल्प २०१६ ला सुरू झाला, तिथे ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस आणि त्यातून वीज करतात, दक्षिणेत काकोड्याला तसाच प्रकल्प आहे. आणि मडगावजवळचं सोनसडो, तिथे वर्षानुवर्षं मिसळलेल्या कचऱ्याचा डोंगर झाला, २०१९ च्या मे महिन्यात पेटला तेव्हा धूर आजूबाजूच्या गावांवर पसरला. ढिगाच्या आत हवा जात नाही, ओलं कुजून मिथेन होतो, तो जळणारा वायू. म्हणजे केळ्याचं साल वाईट नाही, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ढिगात गेलेलं साल वाईट.

ओल्याचं खत, आपल्या पावसात

कंपोस्टची माहिती वाचून लोक करायला जातात आणि जुलैमध्ये आंबलेल्या वासाने सोडून देतात. आपल्याकडे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या आसपास, हवा कायम ओली, त्यामुळे इथे सगळा खेळ सुक्या पाल्याचा आहे. तयारी जानेवारी ते मे मध्येच करायची. काजू, आंबा, फणसाचा पाला झाडून आपण पेटवतो ना, तोच गोणीत भरून पडवीत ठेवायचा. काजूची पानं चिवट असतात, चुरून भरा. पाला कमी पडला तर नारळाच्या सोडणाचा भुसा उत्तम, तो पाणी ओढून घेतो.

वीस लिटरची झाकणाची बादली घ्या, बुडाला आणि बाजूंना पेन्सिलीएवढी वीस-पंचवीस भोकं, आणि बादली दोन चिऱ्यांवर ठेवा म्हणजे खालून हवा जाते. पावसाची झड येणार नाही अशा जागी. तळाला चार बोटं पाला, मग रोज एक वाटी ओलं आणि वर दोन वाट्या पाला, नेहमी पाल्यानेच शेवट करायचा. सुरुवातीला मूठभर शेणखत किंवा आंबट ताक घातलं की लवकर लागतं. तीन दिवसांनी एकदा काठीने खालीवर करायचं. मूठभर घेऊन पिळून बघा, एक-दोन थेंब आले तर बरोबर, धार लागली तर पाला वाढवा, काहीच आलं नाही आणि मुंग्या दिसल्या तर थोडं पाणी शिंपडा. वास आला म्हणजे हवा कमी आणि ओलं जास्त, उपाय एकच, पाला आणि ढवळणं. पांढऱ्या-करड्या अळ्या दिसल्या तर घाबरून ओतून देऊ नका, बऱ्याचदा त्या काळ्या सोल्जर माशीच्या असतात, कचरा भराभर खातात, आपल्या जेवणावर ती माशी बसत नाही. बादली भरली की दुसरी सुरू करायची आणि पहिली दीड-दोन महिने झाकून ठेवायची. काळं, भुसभुशीत, पहिल्या पावसाच्या मातीसारख्या वासाचं झालं की तयार.

आता मासळी. आपल्या घरात हा प्रश्न रोजचा. खवले, आतडी, कोलंबीची सालं बादलीत घालू नका, मांजरं आणि कुत्री बादली लोळवतात. माड असेल तर बुंध्यापासून तीन-चार फुटांवर दीड-दोन फूट खड्डा, त्यात टाकून लगेच माती, रोज थोडं पुढे सरकायचं, आपले आजोबा हेच करायचे आणि माड त्याला चांगलं फळ देतो. मासळी धुतलेलं पाणी मिरचीला, कढीपत्त्याला. तिसऱ्यांच्या शिंपल्या कुजत नाहीत, पूर्वी त्या भाजून चुना करायचे, आता कुंडीच्या तळाला घाला, पाणी निघून जातं. करवंटीही बादलीत नको, न्हाणीच्या चुलीत जाऊ दे. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना खड्डा जमणार नाही, त्यांनी मासळीचं वर्तमानपत्रात गुंडाळून फ्रीझरमध्ये ठेवावं आणि ओल्या कचऱ्याच्या गाडीच्या दिवशी, कागदासकट, प्लॅस्टिकशिवाय, द्यावं.

घरच्यांशी कसं बोलायचं

मुलांना एकच सूचना, घरी कोणाला ओरडायचं नाही. "आजी, तू प्लॅस्टिक जाळतेस, चूक करतेस" म्हटलं की आजीचा हात आणखी काडेपेटीकडे जातो. त्यापेक्षा म्हणायचं, "आजी, ह्या गोणीतला पाला मला शाळेच्या खतासाठी हवा, तू पेटवू नको, मी गोळा करतो." पाला वाचला की त्यातलं प्लॅस्टिकही जळत नाही, पीव्हीसीचा धूर तर फार विषारी, त्यातून डायऑक्सिन निघतं.

पालक सभेत मी स्पष्ट सांगते की हे आईच्या कामात अजून एक काम म्हणून टाकू नका. सुक्याची पिशवी गाडीपर्यंत न्यायची जबाबदारी घरातल्या पुरुषाची, बादली ढवळायची मुलांची, हे ठरवून वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्यायचं. ज्या घरात हे ठरलं तिथेच ते टिकलं, जिथे सगळं आईवर राहिलं तिथे दोन महिन्यांत बंद पडलं, मी दर वर्षी बघते.

भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या मुलांकडे जास्त लक्ष द्या. त्यांच्या दारात गाडी येत नाही, एका नळावर चार कुटुंबं, तीन डबे ठेवायचे कुठे? घरमालकाशी बोलून सामायिक दोन पिंपं ठेवायला लावली की तीच कुटुंबं सगळ्यात नीट वेगळं करतात. रस्त्याकडेच्या ढिगाचा दोष नेहमी त्यांच्यावर जातो, आणि त्यांना विचारलेलं कोणीच नसतं.

आणि एक कडू अनुभव. एका वर्षी मुलांनी महिनाभर नीट वेगळा केलेला कचरा त्यांच्याच डोळ्यांसमोर गाडीत एकत्र टाकला गेला. मुलं रडवेली झाली, मलाही फार वाईट वाटलं. आम्ही तारीख, वेळ आणि काय मिसळलं ते चार आठवडे लिहून ठेवलं, मुलांनी पत्र लिहिलं, पालकांनी ग्रामसभेत वाचलं. नंतर ओल्याचे आणि सुक्याचे वार वेगळे झाले. तक्रार करायची तर अशी नोंद ठेवून करा, नुसतं बोललेलं विरून जातं.

टाकाऊपासून टिकाऊच्या स्पर्धा बंद करा असं मी म्हणेन. बाटलीचा पेनस्टँड करायला मुलं नवीन गोंद, चमकी, थर्मोकोल, रंग विकत आणतात, आणि आठवड्याने ते सगळं एकमेकांना चिकटलेलं, कुठेच न जाणारं होऊन कचऱ्यात. त्या दिवशी दुरुस्तीचा दिवस ठेवा. बटण लावणं, दप्तराची चेन बदलणं, छत्रीची काडी बांधणं, वहीला पुठ्ठा चढवणं, गावातला छत्रीवाला नाहीतर शिंपी तासभर बोलवा. लहान झालेले गणवेश, रेनकोट आणि गेल्या वर्षीची पुस्तकं धुऊन-झटकून टेबलावर मांडायची, ज्याला हवं त्याने न्यायचं, कोणी कोणाचं घेतलं ते लिहायचं नाही.

परत मोजणी, चवथीच्या आधी आणि नंतर

तोच काटा, त्याच वह्या, तेच पाच रकाने. पहिली मोजणी जूनमध्ये, दुसरी चवथीच्या आधीच्या आठवड्यात आणि तिसरी विसर्जनानंतर, कारण कचरा सगळ्यात जास्त वाढतो तो तेव्हाच. दुसऱ्या मोजणीत एखादं घर कमी पडलं तर त्या मुलाला विचारा काय अडलं, बहुतेक वेळा उत्तर साधं असतं, पाला संपला किंवा गाडी आली नाही.

चवथीला गणपतीच्या वर टांगतो ती माटोळी हीच आपली मोठी शिकवण आहे असं मी मुलांना सांगते, तवशी, चिबूड, आंबाडे, सुपारीचे घड, रानातली फळं, सगळं मातीचं मातीत जाणारं. फक्त ती सुंभाने किंवा केळीच्या सोपाने बांधा, नायलॉनच्या दोरीने आणि तारेने नको, नाहीतर उतरवताना अर्धा तास सोडवण्यात जातो. निर्माल्यातून प्लॅस्टिकची फुलं, दोरे, अगरबत्तीची पाकिटं आधी काढून ठेवायची, फुलं-दूर्वा थेट बादलीत, वर दुप्पट पाला. खाण्यासारखी फळं वाटून टाका. त्या आठवड्यात पाला नेहमीपेक्षा तिप्पट लागतो, म्हणून मे महिन्यात भरलेली एक गोणी बांधून वर "चवथ" असं लिहून बाजूला ठेवायची आणि तोपर्यंत तिला हात लावायचा नाही.